एकतीस मीटरवरचा मंगळवार

वेस्ट मांबलम, मद्रास
रविवार, ३ सप्टेंबर १९६१

चि. सौ. कनका हिला अप्पाचा आशीर्वाद.

आधी माझ्या हातानं केलेल्या वस्तू लिहितो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. सुरूचा वासा, बेचाळीस फुटी, मी स्वतः तासलेला, खालचे पाच फूट डांबर पाजून परसाच्या ईशान्य कोपऱ्यात पुरलेला. सोड्याच्या बाटल्यांचे गळे कापून, घासून केलेले चार इन्सुलेटर. फणसाच्या लाकडाची कप्पी, जिला गेल्या नऊ वर्षांत फक्त दोनदा तेल लागलं. कप्पीवरून येणाऱ्या दोराला लटकवलेला वाळूचा डबा, साडेसात पौंड; वाऱ्यात तारेच्या दुसऱ्या टोकाचं झाड डोललं की डबा वरखाली होतो आणि तार तुटत नाही. संगमरवराच्या तुकड्यावर बसवलेला विजेसाठीचा खटका. तुळशीमागचा अर्थचा खड्डा, त्यात तांब्याचा पत्रा, कोळसा आणि मीठ. रोज सकाळी तुझी अम्मा त्यात एक तांब्या पाणी ओतते आणि दुसरा तुळशीला. आणि खुद्द एरियलची तार, सात पदरी, अठ्ठेचाळीस फूट सहा इंच, मधोमध कापून तिथून केबल खाली आणलेली. रेडिओचा डबा तेवढा विकतचा. त्यातल्याही दोन वस्तू माझ्या आहेत.

हे लिहिण्याचं कारण असं की दोन वर्षांत मी तुला पत्र लिहिलं नाही. तुझ्या अम्मानं लिहिली, आणि शेवटी "अप्पांचे अनेक आशीर्वाद" असंही तिनंच लिहिलं. मी ते दिले नव्हते असं नाही. मला विचारलं नव्हतं, इतकंच.

तुझं पत्र गुरुवारी आलं. मॉरिशसच्या रेडिओवर दर मंगळवारी पाव तास मराठी, आणि ते बोलणार तू! तिकडचे सहा म्हणजे इकडचे साडेसात, एकतीस मीटरवर. अम्मानं पत्र तीनदा वाचलं आणि मला विचारलं, "इथं ऐकू येईल कीं?"

मी म्हटलं, "हे काय विचारणं झालं? मांबलम आणि त्यागरायनगर मिळून दोनशे चौदा घरांवर माझ्या हातचं एरियल आहे. लोकांच्या घरात जग आणून सोडलं, माझ्या घरात माझी मुलगी येणार नाही?"

लगेच कामाला लागलो. वेंकोबांच्या नातवाचा नकाशा मागून आणला, मद्रासपासून मॉरिशसपर्यंत फूटपट्टीनं रेघ ओढली, गच्चीवर कंपास धरला. रेघ बरोब्बर पलीकडच्या परसातल्या वेंकोबांच्या नारळावरून जाते. तारेचं दुसरं टोक आतापर्यंत दक्षिणेला, सिलोनकडे होतं. ते काढलं, शहाळी काढणाऱ्या मुनुसामीला नारळावर चढवलं आणि तिथं बांधून घेतलं. आता सगळी तार भाल्यासारखी थेट तुझ्याकडे रोखलेली आहे.

वेंकोबा म्हणाले, "व्यासराज, तार तुझी, पण नारळ माझा. कनकाचा अर्धा आवाज माझा." स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झाले तरी वाटणी करायची सवय जात नाही.

मंगळवारी ऐकून लिहितो. तुझ्या यजमानांना काही सांगायचं असेल तर ते अम्माच्या पत्रातून सांगेन.

तुझा अप्पा


बुधवार, २७ सप्टेंबर १९६१

चि. सौ. कनका,

चार मंगळवार झाले. आवाज नाही. खरखर आहे, मध्येच कोणीतरी फ्रेंचमध्ये खोकल्यासारखं बोलतं आणि बुडतं.

दोष माझ्या बाजूला नाही, हे आधी सांगतो, कारण मी सगळं तपासलं. समुद्र इथून तीन मैल. वाऱ्याबरोबर मीठ येतं आणि इन्सुलेटरवर बसतं, डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळतं. चारही उतरवले, कोमट पाण्यानं धुतले, चाखून पाहिले, परत चढवले. केबलचं रबर दक्षिणेकडच्या भिंतीवर उन्हानं तडकलं होतं. ती आठ यार्ड नवी घातली, आणि खिडकीतून आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी त्या झोळावरून गळतं, घरात येत नाही. जोड सोडवले, तार हिरवी पडली होती ती चिंचेनं घासली, तीन पाण्यांनी धुतली, कथलाचा डाख देऊन जोड नव्यानं झाळले, वर मेण आणि डांबराची पट्टी.

चिंचेवरून घरात रामायण झालं. अम्मा डबा उघडून उभी. "सांबारात काय घालूं? तार?"

"पाव शेर तर घेतली."

"पाव शेर तारेला आणि माणसांना रसम फिकं! चार मंगळवार नटून बसते मी त्या डब्यापुढे. साडी बदलून. कशासाठी? खरखर ऐकायला?"

ती साडी बदलते हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, देवळातून येते.

तेव्हा आता तुझ्याच बाजूला पाहा. तुमच्या स्टेशनात कोणी जबाबदार माणूस असेल तर त्याला विचार: एरियल कुठे तोंड करून आहे, जोड शेवटचे कधी झाळले, इन्सुलेटर कोण धुतं. कोणी धुत नसेल. सरकारी कामात इन्सुलेटर कोणी चाखून पाहत नाही.

तुझा अप्पा


रविवार, २२ ऑक्टोबर १९६१

चि. सौ. कनका,

तुझं उत्तर पोचलं. तुमचा आवाज झांझिबारला ऐकू येतो, मुंबईहून कोणा गृहस्थाचं कार्ड येतं, हे वाचून आनंद झाला. थोडा रागही आला, कारण मुंबईचा गृहस्थ तुझा कोण?

पत्राच्या कडेला तुझ्या यजमानांनी आपल्या हातानं एक ओळ लिहिली आहे: "मामांना म्हणावं, एकदा तार आडवी करून बघा." ओळ वाचली. तिला उत्तर देण्यासारखं काही नाही.

पण तुला काही गोष्टी आठवतात का, पाहतो. लग्न मीच ठरवलं, हे विसरू नकोस. पुण्याचा मुलगा, विजेच्या शास्त्रातली पदवी, पुढे मॉरिशसच्या साखर कारखान्यात नोकरी. मीच होय म्हटलं. आमची तंजावरची मराठी ऐकून "पेशव्यांच्या दप्तरातून कोणी बोलतंय असं वाटतं" म्हणाले, तेव्हाही मी हसलो. पण तुम्ही निघायच्या आठवड्यात गच्चीवर अकरा माणसं बसली होती, अम्मानं वडे तळले होते, आणि त्या अकरा माणसांसमोर हे वर बघून म्हणाले, "मामा, सिलोन दक्षिणेला ना? मग तार पूर्व-पश्चिम हवी. तार टोकानं ऐकत नाही, कुशीनं ऐकते."

मी म्हटलं, "म्हणजे दोनशे घरं बहिरी, आणि तुम्ही एकटे कानवाले?"

"घरं बहिरी नाहीत मामा, सिलोन जवळ आहे. लांबचं ऐकायला जाल तेव्हा कळेल."

वेंकोबा हसले. ते हसले नसते तर कदाचित मी जेवायला बसलो असतो.

मी थर्ड फॉर्म नापास. मूर मार्केटात चार आण्यांना घेतलेल्या इंग्रजी पुस्तकावरून हे सगळं शिकलो, शब्दकोश मांडीवर ठेवून. तू लहानपणी त्याच मांडीच्या दुसऱ्या बाजूला झोपायचीस. ज्याला शिकवायला कोणी नव्हतं त्याला चुकलास म्हणायला कोणीही येतं.

बंदरावर मी आलो नाही. एक जोड तुटला होता, तो झाळत होतो, हे अम्मानं तुला सांगितलंच असेल.

आवाज अजून नाही. सात मंगळवार.

अप्पा


बुधवार, २२ नोव्हेंबर १९६१

कनका! कनकम्मा!

काल तू घरी आलीस. पूर्ण पाव तास!

क्रमानंच लिहितो, नाहीतर हात घाईनं पुढे पळतो. शनिवारी वादळी वारा झाला. वासा हलला नाही, तार तुटली नाही, डबा विहिरीतल्या पोहऱ्यासारखा वरखाली झाला आणि आपलं काम करत राहिला. पण वेंकोबांचा नारळ मुळाशी उलला आणि त्यांच्याच स्वयंपाकघरावर झुकला. सोमवारी मुनुसामीनं तो शेंड्यापासून तुकड्या-तुकड्यानं उतरवला. वेंकोबा जवळ उभे राहून रडल्यासारखे करत होते आणि शहाळी मोजत होते.

तार लोंबकळत राहिली. ती नुसती जमिनीला लागू नये म्हणून तिचं टोक तात्पुरतं समोरच्या त्रिपुरसुंदरी टीचरच्या गच्चीवर नेलं आणि पाण्याच्या टाकीच्या लोखंडी पायाला बांधलं. आग्नेय दिशा. मॉरिशसशी काही संबंध नाही. तुझ्याकडे तारेची पाठ म्हण, कूस म्हण. मला लाज वाटत होती, म्हणून मंगळवारी गल्लीत कोणी वर बघू नये असं वाटत होतं.

साडेसातला अम्मा म्हणाली, "लावा." मी म्हटलं, "आज काही उपयोग नाही, तार भलतीकडे आहे." ती म्हणाली, "अकरा मंगळवार बरोबरकडे होती, तेव्हा काय दिवे लागले? लावा. साडी बदललीय."

लावलं. आणि तू म्हणालीस, "श्रोतेहो, नमस्कार."

माझ्या हातात काटा फिरवायचं बटण तसंच राहिलं. आवाज असा, की अम्मानं आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग धावत जाऊन भिंतीवरून वेंकोबांना हाक मारली, टीचर आल्या, मुनुसामी शहाळ्यांचे पैसे न्यायला आला होता तो दारातच बसला. मराठी एक शब्द कळत नसताना तो मान डोलावत होता. म्हणाला, "पाप्पाच की ही, आपली छोटी! पाण्यातून चालत आल्यासारखी आली."

तू डांगर पचडी सांगत होतीस. पुणेरी वळणाचं बोलतेस आता, स्वच्छ. अम्मा गालाला हात लावून ऐकत होती. मग तू म्हणालीस, "उडदाचं पीठ दह्यात कालवून घ्यावं," आणि अम्मा ताडकन उठली.

"अगे, कच्चंच? आधी भाज! भाजायचं सांग!" रेडिओवर ओरडली.

आणि तिकडून तू म्हणालीस, "अय्यो, पीठ भाजायचं सांगायचं राहिलंच."

काय सांगू! टीचर हसून हसून भिंतीला टेकल्या. वेंकोबांचं उपरणं पडलं. अम्मा सगळ्यांकडे वळून म्हणाली, "बघितलंत? समुद्रापलीकडेसुद्धा ऐकते माझं!"

मीही हसलो. नंतर गच्चीवर गेलो, टाकीपाशी उभा राहिलो आणि तारेकडे बराच वेळ पाहत होतो. त्याबद्दल पुढच्या पत्रात लिहीन. आज मला फक्त आनंद आहे, त्यात दुसरं काही मिसळायचं नाही.

तुझा अप्पा


बुधवार, १३ डिसेंबर १९६१

चि. सौ. कनका, आणि चि. उमाकांतराव,

उमाकांतराव, तुमचं नाव लिहायला दोन वर्षं चार महिने लागले. शाई तीच आहे.

एका मंगळवारावरून निकाल देणं माझ्या स्वभावात नाही. हवा चांगली असेल, तुमच्या स्टेशननं जोर वाढवला असेल. म्हणून २८ नोव्हेंबरला मी नारळाच्या जागी बांबू उभा केला आणि तार परत नैर्ऋत्येला, थेट तुमच्याकडे रोखली. घरी कोणाला सांगितलं नाही. साडेसातला खरखर. ती मी पाव तास ऐकली, मग अम्माला खरं सांगितलं.

"मुद्दाम?" ती म्हणाली. "मुद्दाम पोरीचा एक मंगळवार मारलात?"

"चूक असेल तर ती मोजून मान्य करावी. नुसती रडून करू नये."

"मग मोजत बसा," म्हणाली, आणि दोन दिवस माझ्याशी तमिळमध्येच बोलली. तेही मुनुसामीमार्फत.

५ डिसेंबरला तार पुन्हा टीचरच्या टाकीकडे. आवाज स्वच्छ; तू भोपळ्याच्या फुलांची भजी सांगितलीस, अम्माची काही तक्रार नाही. काल तार दोन्हींच्या मधोमध, दक्षिणेला. आवाज अर्धामुर्धा, येतो आणि जातो. झालं. तीन मंगळवार, तीन दिशा. मी चुकलो होतो. उमाकांतराव, तुम्ही बरोबर होता. तार कुशीनं ऐकते.

मी तिला मासे धरायच्या गळासारखी समजत होतो: जिथं मासा तिथं टोक फेकायचं. कनका तिकडे, म्हणून टोक तिकडे. जितकी नेमकी तुझ्याकडे रोखली तितकी तू ऐकू येईनाशी झालीस. हे कळल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, गच्चीवर एकटाच हसलो.

मग मूर मार्केटचं ते पुस्तक काढलं. त्यातली एकतीस ते अडतीस ही पानं वाळवीनं खाल्लेली आहेत. वीस वर्षं मी तीसवरून एकोणचाळीसवर उडी मारत आलो आणि मधे विशेष काही नसेल असं धरून चाललो. अनुक्रमणिका परवा नीट वाचली. एकतिसाव्या पानाचं नाव "दिशा".

आणखी एक लिहितो. तुम्ही निघालात त्या दिवशी जोड तुटला नव्हता. मी तो कापला. मग झाळला. झाळून होईपर्यंत बोट सुटली असेल, असा हिशोब करून सावकाश झाळला. इतका चांगला जोड मी नंतर पुन्हा केला नाही.

तुमचा
व्यासराज


बुधवार, १० जानेवारी १९६२

चि. सौ. कनका आणि चि. उमाकांतराव यांस आशीर्वाद.

उमाकांतराव, तुमचं पत्र मिळालं. माझ्या नावानं आलेलं पहिलंच. पोस्टमननं अम्माच्या हातात दिलं तर तिनं ते न फोडता माझ्या ताटाशेजारी ठेवलं. कारखान्याच्या गच्चीवरचे जोड समुद्राच्या खारानं दर सहा महिन्यांनी सडतात, मी मेण आणि डांबर कोणत्या प्रमाणात घेतो, असं विचारलंत. तीनास एक. मेण आधी वितळवायचं, डांबर त्यात, उलट नाही. आणि पट्टी खालून वर गुंडाळायची, कौलं घालतात तशी, म्हणजे पाणी वरच्या थरावरून घसरतं. पदवीच्या पुस्तकात हे नसेल. त्या पुस्तकाची पानं कोणी खाल्ली ते मला ठाऊक नाही.

कनका, काल तुझा "ह" अक्षराचा उच्चार मला पुण्याहून थोडा परत मांबलमकडे आल्यासारखा वाटला. राहू दे तसाच.

आता इथली बातमी. दोनशे चौदा घरांवर माझ्या हातचं एरियल, आणि बहुतेक सगळी टोकानं सिलोनकडे. मी दारोदार जायला सुरुवात केली. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवसापासून रोज चार घरं, काल छत्तीस झाली. तार फिरवतो, जोड पाहतो, इन्सुलेटर धुतो. पैसे घेत नाही. पहिल्या दिवशी वकील राजगोपाल आपल्या ओसरीवर बसले होते. मी म्हटलं, "साहेब, तुमची तार मी अकरा वर्षांपूर्वी चुकीची बांधली."

"चुकीची? अकरा वर्षं सिलोन उत्तम लागतंय की!"

"लागतंय. माझ्यामुळे नाही, सिलोन जवळ आहे म्हणून."

ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, "व्यासराज, तीस वर्षं कोर्टात आहे. न पकडलेला गुन्हा आपण होऊन सांगायला आलेला तू पहिला." मग तार फिरवली, आणि त्यांच्या डब्यात पहिल्यांदाच कैरो लागलं. एक शब्द कळत नसताना ते तासभर ऐकत बसले आणि मला दोनदा कॉफी दिली.

बरोबर वेंकोबा येतात. शिडीचं एक टोक ते धरतात आणि दर घरी सांगतात, "जावयानं शिकवलं याला!" पहिल्या तीन घरी मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चौथ्या घरी ते विसरले, तर मीच सांगितलं.

ही गोष्ट माउंट रोडवरच्या एका मोठ्या रेडिओ दुकानाच्या मालकापर्यंत गेली. परवा त्यांनी गाडी पाठवली. दुकानात पंखे, चाळीस रेडिओ रांगेत, सगळे एकदम गात होते. म्हणाले, आमच्या गिऱ्हाइकांची सगळी एरियलं तुमच्या हाताखाली. चार माणसं, एक व्हॅन, तुमच्या नावाची पाटी, आणि पाटीवर "तज्ज्ञ". तज्ज्ञ! कनका, थर्ड फॉर्म नापास माणसाच्या नावापुढे. मी ते मनातल्या मनात दोनदा वाचून घेतलं. अम्माला पाटी किती फुटांची तेही सांगितलं.

मग त्यांनी अट सांगितली. गिऱ्हाइकं ऑफिसं सुटल्यावर येतात, म्हणून रोज संध्याकाळी पाच ते नऊ दुकानात हजर राहायचं.

मी विचारलं, "मंगळवार सोडून चालेल?"

"मंगळवारी काय असतं? कोविल? देवदर्शन?"

"माझी मुलगी बोलते."

ते हसले. "अहो, रेडिओच ना? इथं चाळीस आहेत. हवा तो लावा!"

"रेडिओ आहेत," मी म्हटलं, "पण तिथं तिची आई साडी बदलून बसत नाही."

त्यांना ते कळलं नाही. त्यांनी आकडा एका चिठ्ठीवर लिहून माझ्यापुढे सरकवला, पन्नास वाढवून पुन्हा सरकवला. मी चिठ्ठी वाचली, नीट घडी केली आणि परत दिली. महिना चारशे रुपये होते.